वाऱ्याचं तोंड

विमानतळ म्हणावं असं आमच्याकडे फारसं काही नाही. पूर्व-पश्चिम पसरलेली एक धावपट्टी, पत्र्याचं हँगर, शिकाऊ वैमानिकांचा वर्ग आणि वर्गावरच्या मजल्यावर माझी खोली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी इथे वारा मोजतो. मनोऱ्यावरच्या यंत्राचा आकडा बघायचा आणि माईकवरून वर उडणाऱ्यांना सांगायचा. आई फोनवर विचारते, "वारा मोजायचा पण पगार देतात होय रे?"

धावपट्टीलगत एका खांबावर विंडसॉक आहे. दोन्ही टोकांना उघडी, निमुळती कापडी पिशवी. वारा जिकडून येतो तिकडे तिचं रुंद तोंड वळतं. सॉकचं तोंड जिकडे, उतरताना विमानाचं नाकही तिकडेच हवं. वारा पाठीशी घेऊन उतरलं, तर छोटं विमान टेकता टेकत नाही आणि पुढे धावपट्टी संपते. आमची धावपट्टी पश्चिमेला जिथे संपते तिथे खोल ओढा आहे.

मुख्य प्रशिक्षकांना सगळे मोठे सर म्हणत. दर नव्या तुकडीचा पहिला तास त्यांचा, विषय उतरतानाच्या चुका. खालच्या वर्गातला त्यांचा आवाज मला जमिनीतून ऐकू यायचा. "चूक उधारीवर शिका रे. रोखीत फार महाग पडते." हशा पिकायचा. मग ते चिमणीची गोष्ट सांगायचे. चिमणी म्हणजे मी येण्याआधी इथे शिकणारी, चणीने लहान अशी एक मुलगी. पूर्वेचा वारा पाठीशी घेऊन ती उतरली, ओढ्यात गेली आणि वाचली नाही. "रेडिओ काहीही सांगू दे, यंत्र काहीही सांगू दे," सर म्हणायचे, "सॉक खोटं बोलत नाही. तिने सॉककडे पाहिलंच नाही."

अहवालातही तेच लिहिलं होतं. निर्णयातली चूक, वैमानिकाची.

उन्हाने जुना सॉक फाटला, तेव्हा नवा चिमणीच्या आईने शिवून आणला. त्यांचा शिवणकामाचा व्यवसाय होता. शिकाऊ वैमानिकांच्या गणवेशासारखं नारिंगी कापड होतं, एका जागी खिसा उसवल्यासारखा गडद चौकोन. मी पैसे विचारले.

"कापड घरचंच आहे," त्या म्हणाल्या. मग जिन्यात सरांना थांबवून म्हणाल्या, "भाऊ, अहवालातली ती एक ओळ तेवढी काढा. दुसरं काही मागत नाही."

"ताई, तुमचं दुःख कळतं मला," सर म्हणाले. "पण चूक ती चूक."

जाताना त्या खांबाकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मला पहिल्यांदा ते दिसलं. यंत्र सांगत होतं, वारा पूर्वेचा. सॉकचं तोंड मात्र पश्चिमेला होतं. हँगरमुळे वारा उलटा फिरत असेल, असं मला वाटलं. खाली उतरून खांबाला लोकरीचा धागा बांधला आणि परत खिडकीशी आलो. दुर्बिणीतून पाहिलं. धागा पश्चिमेकडे उडत होता. त्याच्या वीतभर वरचा सॉक, फुगलेला, पूर्वेकडे.

त्या वेळी मोठे सर एकटे विमान घेऊन उतरायला येत होते. ते टेकले आणि सॉक हळूच फिरून धाग्याला जुळला.

हे पुन्हा घडलं. पुन्हा सरांचंच विमान. वारा मंद होता, म्हणून निभावलं. ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून सर मेकॅनिकवर खेकसले.

मेकॅनिकला आम्ही मामा म्हणतो. मी त्यांना वर बोलावलं. "मामा, सॉकचं बेअरिंग अडकतंय का?"

त्यांनी खिडकीतून पाहिलं. "बरोबर तर आहे."

"पश्चिमेला तोंड आहे हो!"

"पूर्वेला आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीकडे, मग माईककडे. "तू इथे बसून बघतोस ना?"

"मग कुठे बसू?"

मामा दार लोटून आले. "त्या दिवशी या खुर्चीत सर होते. पोरगी नीट वळसा घालून पश्चिमेच्या टोकाने येत होती. सरांना स्वतःला उडायचं होतं, पाहुणा खोळंबला होता. याच माईकवरून म्हणाले, वळसा सोड, सरळ पूर्वेकडून उतर. ती म्हणाली, सर, सॉक उलटा आहे. हे म्हणाले, मी सांगतोय ना. खाली हँगरच्या रेडिओवर ऐकलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बाबा, माझी दोन पोरं शिकतायत." ते जिना उतरून गेले.

पुढच्या तुकडीला सर स्वतः उतरून दाखवणार होते. मुलं गवतावर मोबाइल धरून उभी होती. वारा पूर्वेचा, जोरदार. सरांचं विमान पूर्वेकडून सरळ येताना दिसलं.

मी माईक दाबला. "सर, वारा तुमच्या पाठीशी आहे. वळसा घ्या."

"सॉक समोर दिसतोय मला. तुझं यंत्र तपास."

मी पाहिलं. सॉकचं तोंड पश्चिमेला होतं, ताठ.

"सर, सॉकवर विश्वास ठेवू नका!"

रेडिओवर ते हसले. "पोरं ऐकतायत रे खाली."

विमान तरंगत राहिलं.

अर्धी धावपट्टी गेली.

चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली.

ओढ्यातून धूळ वर आली.

सर वाचले. दोन्ही पाय गेले. मुलांच्या प्रत्येक चित्रफितीत सॉकचं तोंड पूर्वेला होतं, यंत्राच्या आकड्याला तंतोतंत जुळणारं. चौकशीवाल्यांना वेगळं काही विचारायची गरज उरली नाही. फक्त माझा जबाब बाकी होता.

मी दवाखान्यात गेलो. सरांनी माझं मनगट पकडलं. "तूही पाहिलंस. मला रेडिओवर म्हणालास तसं. सांग त्यांना, सॉक उलटा होता."

"सांगतो," मी म्हणालो. "आधी तुम्ही सांगा, त्या दिवशी माईकवर कोण होतं."

त्यांची पकड सैल झाली. सलाईनचे थेंब पडत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"चूक तिचीच होती," ते म्हणाले.

मी जबाब दिला. सॉक बरोबर होता. त्यांनी पाहिलं नाही. रेडिओवर मी सॉकबद्दल म्हणालो, ते घाबरून, चुकून. मामांचं बोलणं मी त्यात घातलं नाही. त्यांची पोरं शिकतायत, असं मी स्वतःला समजावलं. सरांना अहवालात त्यांची ओळ मिळणार होती, तेवढं मला पुरेसं वाटलं.

नव्या अहवालात सरांच्या नावापुढे तेच शब्द आले. चिमणीच्या नावापुढचे होते तसेच राहिले.

आज सकाळी खोली उघडली. यंत्राचा आकडा शून्य. खांबाला बांधलेला धागा सरळ खाली लोंबत होता. गवताचं पातं हलत नव्हतं.

सॉक मात्र फुगलेला होता. त्याचं तोंड पूर्वेला नव्हतं, पश्चिमेलाही नव्हतं. माझ्या खिडकीकडे होतं.

सॉकचं तोंड जिकडे, तिकडून वारा येतो. मी मागे वळून पाहिलं. खोलीत खुर्ची होती, माईक होता, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं हळूहळू खिडकीच्या दिशेने उडत होती.