दुसऱ्या म्हशीचं रक्त

"ताई, माझे डोळे परत मिळवून द्या."

एफ्राइमनं चष्म्यावरून दाराकडं पाहिलं. उंच, वाळका, पन्नाशी उलटलेला माणूस टोपी छातीशी धरून उभा होता. डोळे तर दोन्ही जागेवर होते.

"आत या," रुरामाई गोतोरा म्हणाल्या. "भावजी, पाणी द्या त्यांना. आणि असे बघत राहू नका, डोळ्यांचे डॉक्टर असल्यासारखे."

एकवीस वर्षं पोलिसांचं शस्त्रागार सांभाळल्यावर रुरामाईंनी करोईच्या बाजारात, धान्याच्या दुकानावर, खासगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. धाकटा दीर एफ्राइम निवृत्त गणितमास्तर. गाडी चालवायची, टिपणं घ्यायची आणि वहिनीची बोलणी खायची, ही त्याची तीन कामं; तिसरं बिनपगारी.

आलेला माणूस तागुमा. खाली झांबेझी नदीच्या काठी गार्थ पेल्यूच्या शिकारछावणीत तो सत्तावीस वर्षं मागकाढ्या होता. गार्थला गेल्या गुरुवारी रानम्हशीनं मारलं, हे करोईत सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाहुण्यानं, म्हणजे पैसे भरून आलेल्या शिकाऱ्यानं, एकच गोळी झाडली," तागुमा सांगू लागला. "कळपाच्या कडेचा रेडा. लागली, पळाला. आम्ही मागावर. रेड्याचं रक्त लाल, फेसाळ. म्हणजे छातीतलं. पण पंधरा पावलं बाजूला मला दुसरं रक्त दिसलं. काळपट, त्यात चावलेलं गवत. म्हणजे पोटातलं. मी मालकांना म्हटलं, मालक, दोन जनावरं लागलीत."

"मग?"

"ते म्हणाले, एक गोळी, तीही मऊ. मऊ गोळी रेड्यातनं बाहेर येत नाही. मी पुन्हा सांगितलं. तर हसले. म्हणाले, म्हातारा झालास तागुमा, चल." त्यानं टोपी चुरगळली. "साठ पावलांवर रेडा मरून पडला होता. मालक वाकले, आणि ज्या अंगाला ते काळं रक्त होतं, तिकडच्या झुडपातनं म्हैस आली. मालकांनी बंदुकीच्या दोन्ही नळ्या झाडल्या. ती पडली ती त्यांच्यावरच."

"पाहुणा काय म्हणतो?"

"म्हणतो, तागुमा गप्प होता. आम्ही आमच्या भाषेत बोललो, त्याला काय कळणार! आणि मालकीणबाई म्हणतात, वासराच्या आईच्या वाटेत मी त्यांना नेलं. मातीला येऊ दिलं नाही मला, ताई. उद्या शिकाऱ्यांची समिती बसतेय. माझा बिल्ला काढून घेतील. बिल्ला गेला खड्ड्यात, पण मी बोललो होतो हो! दोनदा बोललो होतो!"

"वासरू पाहिलंत?"

"कसलं वासरू? तिच्या कासेत दूधच नव्हतं."

रुरामाई उठल्या. "भावजी, गाडी काढा."

---

छावणीच्या फाटकाशी तागुमाला गाडीतच बसावं लागलं. लोर्ना पेल्यू, गार्थची विधवा, ओसरीवरूनच म्हणाली, "त्याला पुढं आणू नका. माझ्या नवऱ्याचा विश्वास होता त्याच्यावर. काय मिळालं?"

तिचा चेहरा सुकून गेला होता, पण डोळे कोरडे होते. रुरामाईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. सरळ विचारलं, "पाहुण्याची बंदूक कुठली?"

"पावणेचारशे. गार्थनं पत्रात लिहिलं होतं, रानरेड्यासाठी त्याहून जाड गोळीची, चारशे सोळा आणा. हा बाबा पावणेचारशे घेऊन आला. कायद्याला चालते, म्हणून गार्थनं चालवून घेतली. पण रोज जेवताना चेष्टा. डासांसाठी छान आहे म्हणायचा." ती किंचित हसली, लगेच थांबली. "स्वतः चारशे सत्तरची दुनळी वापरायचा ना. पहिली गोळी मऊ आणि तिच्यामागं टणक, हा त्याचा नियम. कळपात पहिली टणक झाडली तर पाहुण्याला हाकलून द्यायचा."

"का बरं?" एफ्राइमनं विचारलं.

"मऊ गोळी आत फुलते आणि थांबते, मास्तर," रुरामाई म्हणाल्या. "टणक गोळी पुढं कुणाकुणाची गाठ घेऊन जाते."

पाहुणा हाल्व्होर्सन नदीकडं तोंड करून बसला होता. नॉर्वेचा, साठीचा, मोठा देह. उद्याच्या समितीसाठी थांबला होता. कॉफी समोर गार झाली होती.

"चारशे सोळा का नाही आणलीत?"

"घरी तीन गोळ्या झाडून पाहिल्या. चौथ्या वेळी धक्क्याच्या धास्तीनं चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले." त्यानं खांदा चोळला. "डोळे मिटून रेडा मारता येत नाही."

हे खरं बोलला, असं एफ्राइमला वाटलं. त्याला माणूस आवडला.

"पहिली गोळी मऊ होती?"

"गार्थ रोज सकाळी स्वतः तपासायचा. हा बघा पुरावा." त्यानं खिशातून फुलासारखी उमललेली गोळी काढली. "कातडं सोलणाऱ्यानं रेड्यातून काढून दिली."

रुरामाईंनी ती उजेडात फिरवली. तांब्याच्या पाकळ्यांच्या बेचक्यात हिरवट थर होता. त्यांनी नखानं खरवडला, निघाला नाही.

"गवत लागलंय," एफ्राइम म्हणाला.

"असेल. तागुमा काही बोलला का हो, मागावर असताना?"

"मुळीच नाही," हाल्व्होर्सन म्हणाला. प्रश्न पुरा व्हायच्या आधीच.

---

कातडं सोलणारा पाराझाई हा गोल पोटाचा, बोलका गडी. खुशीत चालला की त्याच्या खिशातल्या डबीत काहीतरी खुळखुळायचं. त्यानं मिठात घातलेलं रेड्याचं कातडं पसरलं. खांद्यामागं डाव्या बाजूला भोक, उजव्या बाजूलाही तसंच. रुरामाईंची करंगळी दोन्हीत जेमतेम गेली.

"दुसरं सुरीचं असणार," एफ्राइमनं तर्क लढवला.

"मास्तर!" पाराझाई उसळला. "पाराझाईची सुरी भोक पाडत नाही. माझ्या हातचं कातडं परदेशात भिंतीवर लागतं, काय समजलात!"

"गोळी कुठं सापडली?" रुरामाईंनी विचारलं.

"पलीकडच्या कातड्याखाली. तिथंच असते नेहमी."

"पाहुणा खूश झाला असेल."

पाराझाईनं डोकं खाजवलं. "तेच तर कळेना, ताई. इतर पाहुणे मिठ्या मारतात, नाचतात. हा गोळीकडं बघत उभाच. मग मुकाट्यानं खिशात घातली."

"खिशात काय खुळखुळतंय तुमच्या?"

"बायकोचे मणी," तो म्हणाला, आणि एकदम मीठ सारखं करायला लागला.

नोकरांच्या स्वयंपाकघरात साबिना आजी सुजलेल्या गालाला फडकं बांधून चुलीशी बसली होती. दोघी सुना तोंडावर हात धरून हसत होत्या.

"हसा मेल्यांनो!" आजी कुरकुरली. "माझं देवक रानरेडा. जन्मात त्याचं मांस खाल्लं नव्हतं. शनिवारी वास आला वजडीचा आणि जीभ घसरली. दुसऱ्या घासाला दात गेला."

"आपलं देवक खाल्लं की दात जाणारच," एक सून म्हणाली. "लहान पोरालासुद्धा ठाऊक आहे."

एफ्राइमलाही हसू आवरेना. त्याच्या आईनंही हेच शिकवलं होतं. रुरामाई मात्र हसल्या नाहीत.

"आजी, वजडी कुठल्या जनावराची?"

"त्या मेल्या म्हशीचीच. रेड्याची गावाला गेली."

"घास थुंकलात तो कुठं?"

आजीनं राखेकडं पाहिलं. मग रुरामाई तिचा हात धरून चुलीमागं गेल्या. बऱ्याच वेळानं राखेचे हात धूत बाहेर आल्या.

---

दुपारी ओसरीवर सगळे जमले. तागुमाला फाटकातून आत आणल्याशिवाय तोंड उघडणार नाही, असं रुरामाईंनी बजावल्यावर लोर्नानं मान फिरवली, पण आणू दिलं. तो खांबाशी उभा राहिला.

"पाराझाई," रुरामाईंनी सुरुवात केली, "तुमची सुरी भोक पाडत नाही ना?"

"देवाशपथ नाही."

"मग रेड्याला दोन भोकं कशी? गोळी आत शिरली आणि बाहेर पडली म्हणून. आणि बाहेर पडलेली गोळी तुम्हाला कातड्याखाली कशी सापडली?"

पाराझाईनं खिशावर हात ठेवला.

"पाहुण्याजवळची गोळी बघा. बेचक्यात हिरवं आहे, आमच्या मास्तरांना ते गवत वाटलं. तांबं असं हिरवं व्हायला महिने लागतात. हा रेडा मरून सहा दिवस झालेत. काढा ते बायकोचे मणी."

डबी उघडली. पाच-सहा फुललेल्या गोळ्या घरंगळल्या, साऱ्या हिरवटलेल्या.

"गोळी नाही सापडली की पाहुणे हिरमुसतात हो," पाराझाई रडकुंडीला आला. "म्हणून जुनी देतो एखादी. कुणाचं काय बिघडतं?"

"तागुमाचं बिघडलं. तुमच्या त्या जुन्या गोळीमुळं सगळे धरून चालले की झाडलेली गोळी मऊ होती, रेड्यात थांबली, आणि दुसऱ्या जनावराला काही झालं नाही. मग म्हैस का धावली? तर म्हणे वासरासाठी. दूध नसलेली म्हैस!" त्यांनी रुमाल उलगडला. "ही साबिना आजींच्या दातानं शोधली. देवकानं दात पाडला म्हणून सगळे हसले, आणि आजींनी लाजून घास राखेत पुरला. कशावर दात मोडला ते कुणी पाहिलंच नाही."

रुमालात सबंध गोळी होती. टणक, गोल नाकाची, जराही न फुललेली.

"गार्थची असेल," लोर्ना म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

रुरामाईंनी गार्थच्या दुनळीचं रिकामं काडतूस पुढं ठेवलं. गोळी त्यात टाकली, ती सरळ तळाशी गेली. मग हाल्व्होर्सनचं रिकामं काडतूस घेतलं. गोळी तोंडावर बरोबर बसली.

"पावणेचारशे. छावणीत दुसरी नाही. रेड्यातून आरपार गेली आणि मागच्या म्हशीच्या पोटात थांबली. ओल्या गवतानं भरलेलं पोट भल्याभल्या गोळ्या अडवतं. चूक पावणेचारशेची नाही. मऊ गोळी असती तर तीच पुरेशी होती." त्या हाल्व्होर्सनकडं वळल्या. "पाराझाईनं जुनी गोळी हातात ठेवली तेव्हा सगळे फसले. एकच माणूस फसणं शक्य नव्हतं. टणक गोळी झाडणारा. तुम्ही नाचला नाहीत, कारण ती तुमची नव्हती हे तुम्हाला कळलं होतं."

एफ्राइमला त्या माणसाकडं बघवेना.

"सकाळी त्यानं तपासली तेव्हा मऊच होती," हाल्व्होर्सन म्हणाला. "नंतर तो वाऱ्याचा अंदाज घ्यायला पुढं गेला, तेव्हा मी वरची काढून टणक घातली. रोज डास, डास ऐकून... वाटलं, बंदूक लहान आहे, निदान गोळी तरी खोल जावी. मागं म्हैस उभी आहे हे मला दिसलंच नाही. नंतर ती फुललेली गोळी मिळाली, आणि मला वाटलं मी वाचलो."

"आणि तागुमा?"

"त्यानं गवताकडं हात केला होता. दोन बोटं दाखवली. दोनदा." त्यानं तोंड झाकून घेतलं. "मला भाषा कळत नव्हती. बोटं कळत होती."

"हे सगळं कागदावर लिहा. आजच," रुरामाई म्हणाल्या. "उद्या समितीपुढं तोंडानंही सांगा."

लोर्ना उठली, खांबाशी गेली. तागुमानं टोपी काढली.

"तू सांगितलंस त्याला?"

"हो बाई."

"मग?" तिनं खांब धरला. "मग त्यानं काय केलं, तागुमा?"

एफ्राइमनं टिपणाची वही मिटली. तागुमानं रुरामाईंकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"थांबले, बाई. म्हणाले, तू म्हणतोस तर दोन असणारच. त्या झुडपाकडं वळत होते, तेवढ्यात ती आली. वेळच नाही मिळाला त्यांना."

सहा दिवसांत लोर्ना पहिल्यांदा रडली. त्याच्या दंडाला धरून हमसून हमसून रडली. "मला वाटलंच. तुझं तो नेहमी ऐकायचा."

"नेहमी ऐकायचे," तागुमा म्हणाला.

"चल. तुझी माती द्यायची राहिलीय."

दोघं पायऱ्या उतरून नदीकडच्या ताज्या ढिगाऱ्याकडं निघाली.

"वहिनी," एफ्राइम कुजबुजला, "पण तो तर म्हणाला होता, मालक हसले..."

"तो ते सांगत होता तेव्हा मीही तिथंच होते, भावजी," रुरामाई म्हणाल्या, आणि हाताच्या पाठीनं डोळे पुसले. "कुणाला सांगाल तर याद राखा."