मध्यम किमतीची शांतता

नाशिकच्या नादवेध कंपनीच्या निःशब्द-कक्षात पहिल्यांदा शिरणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू येते. भिंतीभर फोमचे सुळके, पायाखाली तारांची जाळी, आवाज परत फिरवणारं काहीच नाही. मंत्री येवो नाहीतर बँकवाला, तिथे प्रत्येकाचं पोट सारखंच बोलतं.

कक्षाच्या मधोमध मनमाडहून परत आलेला ‘शांतिनाद’ ठेवला होता. पाटाएवढा काळा रिसीव्हर, त्याला जोडलेले छोटे स्पीकर. होम थिएटरचा हा सेट मधल्या किमतीचा. ज्याला महागडा झेपत नाही आणि स्वस्तातला घेतला तर मेहुणा हसतो, अशा माणसासाठी बनवलेला. असा माणूस गल्लोगल्ली सापडतो, म्हणून सेट तुफान खपत होता.

मुख्य अभियंता प्रल्हाद आहेर तपासणी संपवून उठला. “काही बिघाड नाही. सेट ठणठणीत आहे.”

“बिघाड असता तर बरं झालं असतं, सर,” नूतन सोनवणे म्हणाली.

नूतनने ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केली होती. कंपनीने तिला ‘मालक-अनुभव’ विभाग दिला होता. म्हणजे सेट घेणाऱ्यांना फोन करून ‘कसा वाटतोय?’ असं विचारायचं. ध्वनिशास्त्र शिकलेल्या बाईला फोनवर बसवायचं आणि वर त्याला विभाग म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

तिने मनमाडच्या मालकाचा, किशोर बच्छावचा फोन ऐकवला. “मशीन एकदम भारी आहे, मॅडम. तक्रार काही नाही. फक्त आमचे तात्या बोलतात ते दिसतं, ऐकू येत नाही. तेवढं बघा.”

“हा फोन गणपतीतला,” नूतन म्हणाली. “त्यानंतर तात्यांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. हॉलमध्येच, सोफ्याच्या मागे खुर्चीत होते. पुढे घरचे तिघं मॅच बघत बसलेले. मॅच संपल्यावर कोणीतरी मागे वळून बघितलं. उद्या आपण तिथे जातोय. त्या माणसाला काय सांगणार, ते आधी मला सांगून बघा.”

प्रल्हादला शिकवायला आवडे. तो पुन्हा खाली बसला.

“आवाजाची लाट म्हणजे चढ आणि उतार. नको असलेल्या आवाजाच्या चढावर आपण तेवढाच उतार टाकतो. दोन्ही मिळून सपाट. छतातले छोटे स्पीकर बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्याभोवती असा एक शांतगोल तयार करतात. स्वयंपाकघरात मिक्सर फिरतोय, कुकर शिट्ट्या मारतोय, आणि सोफ्यावर ऐकू येतो तो फक्त सिनेमा.”

“आणि नको असलेला आवाज कोणता, हे कोण ठरवतं?”

“महागड्या सेटमध्ये हजारो गोंगाटांचा साठा भरलेला असतो. मधल्या किमतीत तेवढी स्मृती बसत नव्हती. म्हणून मी युक्ती केली.” इथे प्रल्हादचा आवाज जरा चढला. याच युक्तीने त्याला मुख्य अभियंता केलं होतं. “सेटला कॅमेरा आहेच. खोलीत आवाज झाला की माणसांच्या माना वळतात का, कोणी उत्तर देतं का, हातातलं काम थांबतं का, एवढंच तो बघतो. दखल घेतली की त्या आवाजाचे गुण वाढतात, नाही घेतली की घटतात. त्याला मी दखलांक म्हणतो. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की तो आवाज गोंगाट.”

“माणसाचा आवाजसुद्धा?”

“माणसाच्या आवाजाची लोक दखल घेतातच.”

“कोणत्या घरात राहता सर तुम्ही?”

प्रल्हाद स्पीकरची वायर गुंडाळायला लागला.

“बरं, एकदा गोंगाट ठरला की?”

“मग तो दाबला जातो.”

“म्हणजे ऐकू येत नाही म्हणून कोणी दखल घेत नाही, आणि दखल घेत नाही म्हणून अंक अजून घसरतो. वर यायला वाटच नाही.”

“मोठी आरोळी आली तर दाबायची नाही, असा नियम मी घातलाय.”

“झटका आलेला म्हातारा आरोळी ठोकत नाही, सर. तो ‘अरे किशोर’ म्हणतो, तेही अर्धंच. हे सगळं मी होळीपासून दर मीटिंगला सांगतेय.”

“कुठल्या मीटिंगला? मी तर एकदाही ऐकलं नाही.”

“दर मीटिंगला,” ती म्हणाली.

प्रकरण अंगाशी आलं की ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणणारे प्रल्हादने पुष्कळ बघितले होते. चक्क खोटं बोलतेय ही, त्याच्या मनात आलं.

किशोर बच्छावचं रंगाचं दुकान होतं आणि दुकानावरच घर. हॉलमध्ये सोफा, समोर भिंतभर टीव्ही, आणि खिडकीशी नवीन आणलेल्या कॉटवर तात्या. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेला उंच माणूस आता उशीला टेकवून ठेवला होता. डोळे फिरत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं.

चहा आला. प्रल्हादने चढ-उतार, शांतगोल, दखलांक, सगळं समजावलं. किशोर मान हलवत ऐकत होता. दखलांकाशी आल्यावर त्याची मान थांबली.

“म्हणजे आम्ही बापाला विचारत नाही, असं तुमचं मशीन म्हणतं?”

“मशीन काही म्हणत नाही. ते फक्त बघतं.”

“माझ्या बापाचा सगळा दवाखाना मी करतो, साहेब. गल्लीत कोणालाही विचारा. तुमचा खोका बिघडला आणि तुम्ही माझ्या घरात बसून माझीच अक्कल काढता?”

“अहो, बसा,” त्याची बायको रंजना म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “ते बरोबर बोलतायत.”

“तू मध्ये बोलू नको.”

“तात्या रोज तेच तेच बोलायचे,” रंजना प्रल्हादकडे न बघता म्हणाली. “पंखा कमी करा. दार ओढून घ्या. भुसावळच्या गाडीचा तो एकच किस्सा. आधी आम्ही हो म्हणायचो. मग नुसतं हं. मग हं पण सोडलं. मशीन आलं तेव्हा मला वाटलं, तात्या समजूतदार झाले, गप्प बसायला लागले.” तिने पदराने कपाळ पुसलं. “तुमच्या या बाईंचा फोन आला, तेव्हा मीच सांगितलं त्यांना. घरात शांतता आली म्हटलं. पाचपैकी पाच तारे.”

तिला हे बोलायची कोणी सक्ती केली नव्हती. तरी बोलली. किशोर खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचा कान मागून लालभडक दिसत होता.

कॉटवर तात्यांचे ओठ हलले. खोलीतल्या सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या. किशोर तर धावत जाऊन गुडघ्यावर बसला आणि वडिलांच्या तोंडाशी त्याने कान नेला. सेट नाशिकला होता, मिक्सर बंद होता, कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. आता सगळे ऐकायला तयार होते, आणि तात्यांच्या घशातून आवाज निघत नव्हता.

परतताना गाडीत प्रल्हाद म्हणाला, “बघितलंस? स्वतः बापाला टाकायचं आणि नाव मशीनचं. मशीनने फक्त उघडं पाडलं.”

“मशीनने तात्यांचा उरलेला आवाजही काढून घेतला,” नूतन म्हणाली. “दसऱ्याचा माल उद्या संध्याकाळी निघतोय, सर. हजारो घरं. प्रत्येक घरात एखादं तरी माणूस असतंच, ज्याचं कोणी ऐकत नाही. तुम्ही माल थांबवायला सांगाल ना?”

“तुझा विभाग आहे, तू मांड. मी पाठिंबा देतो.”

“मी मांडतेच,” ती म्हणाली. “दर वेळी मांडतेच.”

नादवेधच्या मीटिंग हॉलमध्ये पहिल्या दिवसापासून एक शांतिनाद चालू असे. मालक जयवंत शिरसाठांचा तसा दंडकच होता. खानावळवाला स्वतःच्या खानावळीत जेवत नसेल तर गिऱ्हाईक का जेवेल, असं ते म्हणत. त्यामुळे एसीची घरघर, जनरेटर, अंगणातले ट्रक यातलं काहीही त्या हॉलमध्ये ऐकू येत नसे. कंपनीचे सगळे निर्णय त्या गुळगुळीत शांततेत होत.

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या डोक्याशी शिरसाठ, उजवीकडे विक्रीप्रमुख दिघे, डावीकडे प्रल्हाद, आणि पार दाराजवळच्या खुर्चीत नूतन बसली होती. दिघेने दसऱ्याच्या जाहिराती दाखवल्या. शिरसाठांना त्या आवडल्या.

“अजून कोणाचं काही?” त्यांनी विचारलं.

प्रल्हाद नूतनची वाट बघत होता. हॉल शांत होता. मनात तो जरा चिडला. काल एवढं बोलली आणि आज वेळेला गप्प. त्याने दाराकडे बघितलं.

नूतन बोलत होती.

तिचे ओठ हलत होते, हातातलं पेन हलत होतं, गळ्याची शीर ताणलेली होती. आवाज नव्हता. दिघे मोबाइल बघत होता. शिरसाठ जाहिरातीच्या कोपऱ्यावर काहीतरी खरडत होते.

असे हलणारे ओठ प्रल्हादने पूर्वीही बघितले होते. होळीनंतरच्या मीटिंगमध्ये, उन्हाळ्यात, श्रावणात. बाई स्वतःशी पुटपुटतात, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. एकदा तर त्याने दिघेला कोपराने ढोसलं होतं आणि दोघं हसले होते.

त्याची कानशिलं तापली. तो उठला आणि त्याने भिंतीतला प्लग उपटला.

एसी घरघरला. खाली ट्रक मागे घेताना वाजत होता. आणि त्या सगळ्यावरून नूतनचं वाक्य मधूनच सुरू झालं. “...तात्यांसारखी किती माणसं आत्ता घराघरांत गप्प केलेली आहेत, ते आपल्याला ठाऊक नाही. युक्ती बंद करा. ती बंद होईपर्यंत माल जाऊ देऊ नका.”

सगळ्यांनी दचकून वर बघितलं. ती थांबली.

“काय रे, काय चाललंय?” शिरसाठ म्हणाले.

“सेटने हिला गोंगाटात टाकलं होतं,” प्रल्हाद म्हणाला. “ही बोलते तेव्हा आपण कोणी वर बघत नाही. सेटने आपल्याला बघितलं आणि तो शिकला.”

दिघे हसला. “म्हणजे घरच्या मशीनने घरचंच माणूस म्यूट केलं. जाहिरातीत घेऊ या का, साहेब?”

प्रल्हादने त्याच्याकडे बघितलं नाही. “नूतन, तुला कळलं कसं नाही?”

“कसं कळणार? माझा आवाज मला कवटीतून ऐकू येतो.”

“पण होळीपासून आम्ही कोणी एका शब्दाने उत्तर देत नव्हतो. तेव्हा तुला काय वाटलं?”

“मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखंच करताय.”

हे ती रागाने म्हणाली असती तर प्रल्हादला सोपं गेलं असतं. पावसाळ्यात रस्ता खराब असतो, तसं तिने ते सांगितलं. मनमाडच्या हॉलमध्ये तो किती ताठ बसला होता, ते त्याला आठवलं. किशोर बच्छाव निदान खिडकीबाहेर तरी बघू शकला होता. या हॉलला खिडक्या नव्हत्या.

शिरसाठांनी घसा खाकरला. “बरं, सोनवणे मॅडमचं आलं लक्षात. प्रल्हाद, तू मनमाडला जाऊन आलायस. तुझं म्हणणं काय?”

“तिने आत्ताच सांगितलं, साहेब.”

“हो हो, ते झालंच. तू बोल.”

प्लग प्रल्हादच्या हातात लोंबत होता. शांतगोल नव्हता, दखलांक नव्हता. खाली ट्रकांची इंजिनं सुरू झाली होती. वेळ घालवून चालणार नव्हतं.

“युक्ती बंद करावी लागेल,” प्रल्हाद म्हणाला. “तोपर्यंत माल जाऊ देऊ नका. किती घरांत किती माणसं गप्प झाली आहेत, ते आपल्याला ठाऊक नाही.”

शिरसाठांनी पेन खाली ठेवलं. दिघेने मोबाइल पालथा घातला. मग शिरसाठ सावकाश म्हणाले, “गंभीर आहे हे. दिघे, खाली सांगा, गाड्या थांबवा. सगळ्या.” त्यांनी प्रल्हादच्या पाठीवर थाप मारली. “बरं झालं, तू वेळेवर लक्षात आणून दिलंस.”

“हे माझं नाही, साहेब. नूतनचं आहे. शब्दसुद्धा तिचेच आहेत.”

“मोठेपणा आहे तुझा,” शिरसाठ म्हणाले, आणि दिघेला घेऊन गाड्या थांबवायला गेले.

हॉलमध्ये दोघंच उरले. प्रल्हादला नूतनची माफी मागायची होती. पण माफी म्हणजे पुन्हा आपणच बोलायचं, आणि तिने ऐकायचं.

नूतन उठून आली. तिने त्याच्या हातातला प्लग घेतला.

“कशाला लावतेस?” त्याने विचारलं.

“असू दे चालू. निदान मशीनवर ढकलता येतं.”

तिने प्लग लावला. एसी गप्प झाला, इंजिनं गप्प झाली. दारापाशी जाऊन ती वळली आणि आणखी काहीतरी म्हणाली. एक पूर्ण वाक्य, बहुधा दोन. प्रल्हाद टक लावून तिच्या ओठांकडे बघत होता. त्याला काही समजलं नाही, आणि काय म्हणालीस, असं विचारायची लाज वाटली.