पहिल्या फेरीत शुभदा

"वहिनी, शुभदाला पहिल्याच फेरीत काढू नका हो," दिपेश लिफ्टपाशी म्हणाला होता. "बाहेर पडली की मग दिवसभर तोंडच उघडत नाही ती."

"अहो भावोजी, खेळ आहे तो!" मनाली हसून लिफ्टमध्ये शिरली होती.

खेळ तसा साधाच. दुपारी सोसायटीतल्या चौघी फोनवर जमायच्या: मनाली, मिनल, निशिगंधा आणि शुभदा. गावात एक लांडगा लपलेला, बाकी सगळी माणसं. बोलून, डिवचून त्याला ओळखायचं आणि मतं टाकून गावाबाहेर काढायचं. बाहेर गेलेलीचा माइक डाव संपेपर्यंत बंद; तिने नुसतं ऐकायचं. घरोघरी पोरं निजलेली, म्हणून सगळ्या कुजबुजत खेळायच्या. कुजबुजीत खोटं पकडणं कठीण. पण मनालीचे कान तिखट. बाळ झाल्यापासून ती झोपेतही त्याचा श्वास ऐकायची. युक्ती तिचीच होती: पहिल्या फेरीत कुणालाच काही ठाऊक नसतं, मग जी सगळ्यात कमी बोलते तिला काढायचं.

सगळ्यात कमी बोलायची बी विंगमधली शुभदा. दिपेशची बायको, सान्वीची आई.

"मी माणूसच आहे गं," ती म्हणायची.

"लांडगे असंच बोलतात," मिनल खिदळायची. "चलो, बाय-बाय मॅडम!"

आणि दरवेळी शुभदा माणूसच निघायची.

त्या दुपारी उत्तनच्या कोळीवाड्याकडचा वारा सुटला होता. पडद्यांनाही सुक्या बोंबलांचा वास. शुभदा नेहमीसारखी बाहेर गेली. डाव संपला, सगळ्यांचे माइक उघडले. शुभदाच्या माइकातून नुसती पंख्याची घरघर. मग सान्वीचं रडणं. बराच वेळ.

"शुभदा, उचल ना गं तिला," मनाली म्हणाली.

रडणं थांबलं. पंखा फिरत राहिला.

मनालीला राहवेना. बाळाला कडेवर घेऊन तिने बी विंग गाठली. दार शुभदानेच उघडलं, सान्वी तिच्या खांद्यावर. ती काहीतरी म्हणाली. ओठ हलले, आवाज आला नाही.

"घसा बसलाय का गं?"

शुभदा पुन्हा बोलली. भरभर, खूप काही. डोळे भरून आले तरी बोलतच राहिली. मनालीला फक्त पंखा ऐकू येत होता. ती घाबरली, "मीठ-पाण्याच्या गुळण्या कर," म्हणाली आणि घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी खेळात तिघीच होत्या.

"शुभदाला बोलवा ना," मनाली म्हणाली.

"कोण शुभदा?"

"मिनल, मस्करी नको हं."

"अरे यार, खरंच, कोण?" निशिगंधाने विचारलं.

मनालीने सान्वीच्या बारशाचा फोटो शोधला. पाळण्यामागे मिनल होती, निशिगंधा होती. दोघींच्या मध्ये एका माणसाची रिकामी जागा होती. मिनलचा हात तिथे कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा अधांतरी.

ती तशीच धावत गेली. दिपेश सान्वीला घेऊन दारात आला.

"शुभदा कुठाय, भावोजी?"

"कोण, वहिनी?"

"हिची आई!"

त्याने सान्वीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"सकाळी दोन कप चहा ओतला मी," तो हळूच म्हणाला. "का ओतला, तेच कळेना."

"पोरगी काय पितेय?"

"बाटली तोंडात धरतच नाही."

पण सान्वी रडत नव्हती. तिच्या हनुवटीवर दुधाचा ओघळ होता. ओला.

मनाली अजून रोज जाते. पण हल्ली बेल वाजवल्यावर तिला क्षणभर थांबावं लागतं. नाव चटकन ओठांवर येत नाही.

म्हणून सांगणं. भाईंदर पश्चिमेला आलात तर बी विंगमध्ये डोकावून या. शुभदा म्हणून हाक मारा. काही ऐकू येणार नाही. तरी लगेच वळू नका. तिचं बोलून होईपर्यंत दारात उभे राहा.