हँगिंग इन देअर

हौसाबाई मेथी निवडता निवडता सुनेशी फोनवर बोलत होत्या. सून मोराग स्कॉटलंडची, हौसाबाई विट्याच्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. पण हौसाबाईंच्या कानात हरभऱ्याएवढा कर्णदुभाषी होता. मोरागचं इंग्रजी तो ऐकायचा आणि स्वच्छ मराठीत सांगायचा, हौसाबाईंचं मराठी तिला इंग्रजीत.

“चपात्या होय? डाव्या हाताचा मळ!” कानातून उत्तर आलं, तशा हौसाबाई खळखळून हसल्या.

शेजारच्या शैलजा कानडे समोरच बसल्या होत्या. निवृत्त इंग्रजी शिक्षिका. कर्णदुभाषीला इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ ज्यांनी शिकवले, त्यांतल्या त्या एक. मोराग ‘पीस ऑफ केक’ म्हणाली असणार, हे त्यांनी ओळखलं. ती नोंद त्यांनीच केली होती.

फेब्रुवारीत तिकडे स्कॉटलंडात धनाजी आजारी पडला. हौसाबाईंचा एकुलता एक, मोरागचा नवरा. फुफ्फुसाला संसर्ग झाला होता. हौसाबाईंचं तिकीट एप्रिलचं होतं, व्हिसा हातात होता.

“मोरा, आत्ताच निघू का गं?” त्यांनी विचारलं.

पलीकडून क्षणभर काहीच आलं नाही. मग कर्णदुभाषी म्हणाला, “त्याचं ठीक चाललंय.”

हौसाबाई थांबल्या. पाचव्या दिवशी धनाजी गेला.

तेराव्यानंतर त्या शैलजाबाईंकडे आल्या. “बाई, ठीक चाललेला माणूस पाच दिवसांत जातो का? ती खोटं बोलली माझ्याशी. तिचा फोनबी घेत न्हाई मी आता. तुम्ही ऐका, ती काय म्हणाली ते.”

यंत्रात मूळ संभाषण जपलेलं होतं. शैलजाबाईंनी ते लावलं. कर्णदुभाषी हुंदके आणि अडखळणं गाळून टाकायचा. इथे ते सगळं होतं. मोराग घोगऱ्या आवाजात, श्वास घेत म्हणत होती, “ही इज... ही इज हँगिंग इन देअर.”

शैलजाबाईंना नोंदीचा तो रकाना आठवला. एका वाक्प्रचाराला एकच अर्थ लिहायची सोय होती. कचेरीत, रस्त्यात कुणी ‘कसं काय’ विचारलं की लोक हेच म्हणतात, म्हणून त्यांनी ‘ठीक चाललंय’ लिहिलं होतं. आजारी माणसाच्या उशाशी त्याला वेगळी छटा येते, हे त्यांना ठाऊक होतं. रकान्यात जागा नव्हती आणि त्यांनी यंत्र बनवणाऱ्यांशी भांडण काढलं नव्हतं.

“ती खोटं बोलली नाही, हौसाताई,” त्या म्हणाल्या. “ती म्हणाली, तो कसाबसा तग धरून आहे. लटकलेल्याचा हात कधी सुटेल, नेम नाही. ‘ठीक चाललंय’ हे माझं. मी लिहिलेलं.”

हौसाबाई म्हणाल्या,

“तेवढं कळलं असतं तर मी निघाले असते.”

“हो.”

“तोंड तरी बघितलं असतं त्याचं.”

हौसाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मग कानातला तो दाणा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

“आणि मी त्या पोरीला इतके दिवस खोटारडी ठरवलं,” त्या म्हणाल्या. “फोन लावा, बाई. यंत्र नको. मी बोलते, तुम्ही सांगा.”

घंटी वाजू लागली. आजवर हजारो वाक्प्रचारांचे अर्थ लिहिलेल्या शैलजाबाईंनी विचारलं,

“काय सांगू तिला?”

“म्हणावं, घरी ये.”

“कम होम,” शैलजाबाई पुटपुटल्या. मग थबकल्या. “पण हौसाताई, हे घर तिनं पाहिलेलंसुद्धा नाही. ‘घरी’ म्हटल्यावर तिला इथलं कळेल का?”

पलीकडे फोन उचलला गेला. हौसाबाईंनी तो शैलजाबाईंच्या हातातून घेतला.

“मोरा,” त्या म्हणाल्या, आणि पुढे ‘घर’ म्हणावं की शैलजाबाईंचं ‘होम’, ते त्यांना सुचेना.