ताणावरची बाग

"व्हॉल्व कुणी उघडला, एवढंच सांगा," महिपतरावांनी विचारले, आणि अंगणात उभ्या असलेल्या माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही.

डाळिंबाची बाग ताणावर होती. ऐन वैशाखात झाडांचे पाणी तोडायचे, त्यांना मुद्दाम तहानेले ठेवायचे, पाने गळून झाडाचा पार खराटा होऊ द्यायचा आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडायचे, म्हणजे झाड फुलांनी लगडते. मध्येच पाणी मिळाले तर ते नुसत्या पालवीवर जाते. आदल्या रात्री कुणीतरी ठिबकचा व्हॉल्व उघडून ठेवला होता, आणि शेळगावच्या त्या बागेचा अख्खा बहार हातचा गेला होता.

सुप्रियाचे लक्ष वडिलांवरून आईकडे गेले. धोंडाबाईंच्या लुगड्याचा काठ ओला होता, त्याला मुरमाड चिखल लागला होता, आणि पदराचे टोक त्या दोन्ही मुठींत पिळत होत्या... कालच संध्याकाळी त्या म्हणाल्या होत्या, "झाडं बघवत न्हाईत गं पोरी. तहानेल्याला पाणी द्यायचं न्हाय, ही कसली शेती?"

सुप्रिया दोन पावले सरकून आईच्या पुढे उभी राहिली.

"आबा, मी उघडला. जमिनीतला ओलावा मोजायचा होता."

बारामतीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या त्या मुलीने शास्त्राच्या नावावर सांगितलेले ते एकमेव असत्य.

"एवढं शिकून आमच्याच बागंवर पाणी फिरवलंस व्हय?" महिपतरावांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ह्या बांधाच्या आत परत पाऊल टाकू नगंस."

मागून आईचा हुंदका फुटू पाहत होता; सुप्रियाने हात मागे नेऊन तिचे मनगट घट्ट दाबून धरले...

त्या गोष्टीला सात वर्षे लोटली. धोंडाबाई चोरून फोन करीत आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "पाणी पिलीस का?" मग गेल्या संक्रांतीनंतर फोन यायचे थांबले. सुप्रियाने केला तर घंटी नुसती वाजत राही. अखेर आईनेही आबांची बाजू घेतली, असा निष्कर्ष तिने काढला. उपलब्ध पुराव्यावरून दुसरा निघत नव्हता. ज्या हाताला वाचवायला आपण माहेर सोडले, तोच हात सुटला... या विचाराने तिच्या जिवाचे पाणी पाणी होई, पण वर्गात तिचा आवाज कधी कापला नाही.

देव, नवस, शकुन यांच्याशी तिचे कधी जमले नव्हते. त्या दिवशी परीक्षेच्या कामासाठी ती इंदापूरला निघाली होती, बारामतीच्या स्थानकावर ठरलेली एसटी डोळ्यांदेखत सुटली, म्हणून ती पुढच्या गाडीत बसली, आणि शेजारी मांडीवर भाजीची पिशवी घेतलेल्या लीलाबाई निघाल्या. शेळगावात त्यांचे घर महिपतरावांच्या घराला लागूनच होते.

"मास्तरीण झालीस आन आईला इसरलीस व्हय?" लीलाबाई म्हणाल्या. "बरोबरच हाय म्हणा. तिनंबी समद्यांना इसरायचं ठरवलंय."

"म्हणजे?"

"तुला ठावं न्हाय? अगं, तिला माणूस वळखू येत न्हाय आता. परवा मला म्हणाली, कोण गं तू, लई जाडी हाईस." लीलाबाई हसल्या, मग मांडीवरची पिशवी सावरली. "दिस उगवला की तांब्या घेती आन बागंत जाती. एकेका झाडाला पाणी घालती. ऐन ताणात. तुझा बा बोलत न्हाय, चालत न्हाय, नुसता मागनं फिरतो."

सुप्रियाने खिडकीबाहेर पाहिले. एक गाडी चुकणे, दुसरीत नेमकी हीच जागा मिळणे, याची संभाव्यता मांडणे तिला अवघड नव्हते. त्या घटकेला ती मांडावीशी वाटली नाही, इतकेच. इंदापूरचे तिकीट हातात असताना ती शेळगावला उतरली.

बांधापाशी येऊन तिचे पाय थांबले. समोर धोंडाबाई तांब्या घेऊन झाडापुढे वाकल्या होत्या, आणि मागे भरलेली बादली घेऊन महिपतराव उभे होते. तांब्या रिकामा झाला की ते तो भरून देत.

धोंडाबाईंनी वळून पाहिले. डोळ्यांत ओळख नव्हती.

"कोण गं बाई? उनातनं आलीस. आधी पाणी पी."

सुप्रिया बांधाबाहेरूनच ओंजळ धरून प्यायली. निम्मे पाणी ओंजळीतून सांडले.

"भाईर का उभी हाईस?" महिपतराव म्हणाले.

"तुम्हीच सांगितलं होतं, आबा."

त्यांनी बादली खाली ठेवली. 

"हिला पयल्यांदा असं पाणी घालताना बघितलं, तवाच उमगलं तो व्हॉल्व कुणी उघडला हुता. तू का बोलली न्हाईस?"

"आई घाबरली होती."

"कुणाला?"

सुप्रियाने ओले हात पुसले.

"मलाच," महिपतराव स्वतःशीच म्हणाले. "तुझा फोन वाजायचा. कुठल्या तोंडानं उचलू?"

तिने झाडांकडे पाहिले. खराटा व्हायला हवा होता तिथे फांद्याफांद्यांवर कोवळी तांबूस पालवी होती. ती चक्रावली.

"आबा, एका तांब्यानं ओल मुळापर्यंत जात नाही. एवढ्यानं ताण मोडणार नाही."

"ठावं हाय. म्हणून सांजच्याला मीच व्हॉल्व उघडतो." त्यांनी धोंडाबाईंकडे पाहिले. "सकाळी येती, पालवीवरनं हात फिरवती, म्हणती, बघा, जगली का न्हाय माझी लेकरं... यंदा बहार धरला न्हाय मी."

धोंडाबाईंनी भरलेला तांब्या सुप्रियापुढे केला आणि कडेच्या झाडाकडे बोट दाखवले.

"त्याला घाल गं. लई दिस कोरडं हाय बिचारं."

महिपतराव वाटेतून बाजूला झाले. सुप्रियाने बांध ओलांडला, झाडाच्या बुंध्याशी बसली आणि पाणी घातले. ते दोन बोटेसुद्धा खाली जाणार नाही, हे तिला पक्के माहीत होते. मग तिने रिकामा तांब्या वडिलांपुढे धरला, आणि त्यांनी तो भरून दिला.