कलावतीची वलये

हणमंत जाधवांच्या नातवाची, आरुषची, सुपारी फुटली ते वर्ष २०५९. मुलीकडच्यांनी मानपान काही मागितला नाही. फक्त आरुषच्या आजीची, कलावतीची, मज्जावलये मागितली. आरुषची आई लवकर गेली होती. घरात बाई म्हणजे आजी एकच.

मज्जावलये म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात उमटलेली रक्ताची नोंद. अन्नातले लोह कमी पडले की मगज तांबड्या पेशी लहान घडवतो आणि त्या पुरता प्राणवायू वाहू शकत नाहीत. पेशी चार महिन्यांत मरतात, पण त्यांच्या आकाराचा ठसा खोडातल्या वर्तुळांसारखा मागे राहतो. तो वाचणारे यंत्र आले आणि लोकांनी पत्रिका बघणे सोडले. सून या घरात काय खाईल, ते सासूच्या हाडांत दिसू लागले.

"माझी हाडं काय पंचांग हायेत व्हय?" कलावती हसली. हसतानाही तिला धाप लागली.

आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टर मुजावर घरी आल्या. "काका, काकूंना आजच्या आज रक्त द्यायला हवं. हृदय थकलंय."

"मग द्या की."

"त्याआधी वलये वाचावी लागतात. नियम आहे. आणि वाचली की सोयऱ्यांना दिसणार."

 मुलांच्या दप्तरातल्या पाटीच्या पेन्सिली कलावती खायची, ते हणमंतांना आठवले. चार पाहुण्यांसमोर ते तिला 'पेन्सिलचोर' म्हणाले होते. लोह कमी पडले की माणसाला माती, खडू खावासा वाटतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पण सगळ्यांचे जेवण झाल्यावर भाकरीच्या टोपल्यात तिच्यासाठी काय उरायचे, ते रोज दिसत होते.

"लगीन होऊ द्या, मग जाऊ," कलावती म्हणाली. "तवर सोयऱ्यांना कायतरी कारण सांगा. तुमचं हसं नको." आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली.

'आत्ताच चल' एवढेच म्हणायचे होते. ते म्हणाले, "बरं."

रक्त न मिळताच कलावती गेल्यावर नियमाप्रमाणे वलये वाचली गेली. आरुष आणि त्याची होणारी बायको वेदिका दोघेही आले होते. पडद्यावर कलावतीच्या लग्नापासूनची बावन्न वर्षे केसासारखी बारीक रेघ होती.

"मध्ये तीन जाड पट्टे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "चार-चार महिन्यांचे. तेव्हा काय होतं?"

"बाळंतपणं," हणमंत म्हणाले. "म्हायेरी होती."

 वेदिका म्हणाली, "आजोबा, आता तुमची दाखवा."

त्यांनी यंत्राखाली हात ठेवला. वलये उमटली, बावन्न वर्षे जाड आणि एकसारखी. एकाच चुलीवरचे अन्न होते. आरुषने मान खाली घातली. वेदिकाने बोटातली अंगठी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

कलावती हणमंत जाधव, वय एकाहत्तर, ९ मार्च २०५९ रोजी सकाळी वारली. लग्नाला अकरा दिवस उरले होते.