न वाळणारा वाडगा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मला थापा मारता येत नाहीत. येत असत्या तर लेथवर उभा राहून जन्म काढला असता का?

गेल्या वर्षीची गोष्ट. मार्चमधला मंगळवार, दुपारचे पावणेतीन. अंधार वगैरे काही नाही. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं.

आमचं वर्कशॉप घराच्या खालीच. मी आणि दादा, दोघेच. दोघांचीही लग्नं राहून गेली. तीस वर्षं आम्ही लाकडाचे वाडगे केले.

दादाची एक शिस्त होती. एक वाडगा पूर्ण करून दुसरा घ्यायचा नाही. एका खेपेचे चाळीसही आधी बाहेरून, मग चाळीसही आतून. सारखं हत्यार बदललं की अर्धा दिवस त्यातच जातो, म्हणायचा. ओल्या लाकडाचे जाड वाडगे तो काढायचा. मग ते ढलप्यांत पुरून पोत्यांत सहा महिने वाळवायचे. दर एक तारखेला वजन करून बुडावर पेन्सिलने लिहायचं. वजन उतरायचं थांबलं, की वाळला. मग मी तो पुन्हा लेथवर चढवून, पातळ करून, शेवटचा हात फिरवायचो.

त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये त्याने चाळीस काढले. आठवड्याने तो गेला. जेवता जेवता, हातात घास.

वजनं मी लिहीत राहिलो. मार्चमध्ये वाडगे वाळले. माझ्या पटाशीखाली प्रत्येक वाडग्यावरचा दादाचा हात निघून जाणार होता. चाळिसावा झाला की त्याच्या हातचं या घरात काहीच उरणार नव्हतं. पण तसेच ठेवून त्यांचं काय लोणचं घालायचं होतं?

त्या मंगळवारी चाळिसावा झाला. मी लेथ बंद केलं. चाक थांबलं.

मला रडू आवरेना. मोठ्यानेच बोललो, "दादा, मी फार एकटा पडलोय रे."

आणि...

टक.

कोपऱ्यातल्या पोत्यातून. त्यात नुसत्या ढलप्या उरल्या होत्या.

दादा बोटाच्या पेराने वाडगा वाजवून बघायचा. वाळलेला खणखणीत वाजतो. ओला बद्द.

हा आवाज बद्द होता.

टक... टक...

उंदीर असेल म्हणून पोतं हलवलं, मग हात घातला. ढलप्यांत काहीतरी गोल लागलं...

एक्केचाळिसावा वाडगा.

ओला. बोटांना चीक लागला. आणि बूड कोमट... लेथवरून नुकतंच उतरवल्यासारखं.

बुडावर पेन्सिलने लिहिलेलं, ११७०. सातचं शेपूट लांब ओढलेलं. दादा तसंच ओढायचा.

ताईला फोन केला. आमची थोरली बहीण. माझं डोकं फिरलं असं समजून ती दुसऱ्या दिवशीच आली. वाडगा उलटा करून तिने आकड्यावरून बोट फिरवलं.

"सात त्याचाच आहे," म्हणाली. "तू माझ्याकडे राहायला चल. आजच."

"मग एक तारखेला वजन कोण करणार?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच मान खाली घातली. ती संध्याकाळच्याच गाडीने गेली. आता फोन करते, येत नाही.

मी वाडगा परत पोत्यात ठेवला. दर एक तारखेला पोतं उघडतो. माझ्या आधीच नवा आकडा लिहिलेला असतो, त्याच अक्षरात. काट्यावर ठेवतो, तंतोतंत भरतो. प्रत्येक वेळी ११७०. ओलं लाकूड वर्षभरात एक ग्रॅम उतरत नाही, असं कुठे ऐकलंय?

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण मी एक तारखेची वाट बघतो. दोन तारखेपासून घर खायला उठतं.

परवा एक तारीख झाली. पोतं उघडलं...

११६०.

काटा दोनदा तपासला. बरोबर होता.

म्हणजे तो आता वाळायला लागलाय. पुरता वाळला, की लेथवर चढवावा लागेल. शेवटचा हात माझा, ही दादाचीच शिस्त. आणि मग पोत्यात नुसत्या ढलप्या.

म्हणून परवापासून रात्री झोपायच्या आधी मी वाडग्यावर ओलं फडकं गुंडाळून ठेवतो.

काल सकाळी ते फडकं लेथवर होतं. आजही तिथेच होतं. नीट घडी घातलेलं...

कोरडं.